दुखणं कोणतं आणि दिवस कितवा?

हाडामांसाच्या दुखण्यासाठी ज्या तपासण्या होतात त्यांची एक उतरंड लोकांच्या मनात पक्की बसलेली आहे. तळाला एक्स-रे, त्यावर सोनोग्राफी, मग सीटी आणि सगळ्यात वर एमआरआय. ही उतरंड बरीचशी दरपत्रकावरून आलेली आहे. ‘डॉक्टर, एक्स-रे वगैरे नको, सरळ एमआरआयच करून टाका, काय ते एकदाचं कळेल,’ असं म्हणणारा पेशंट मुंबई-पुण्यातच भेटतो असं नाही; तालुक्याच्या गावीही भेटतो. पण सगळंच दाखवणारी तपासणी अजून कुणी बनवलेली नाही, आणि भौतिकशास्त्राकडे पाहिलं तर ती बनण्याची चिन्हंही नाहीत.

कारण यातली प्रत्येक पद्धत शरीराचा कुठला तरी एकच गुण मोजते. एक्स-रे आणि सीटी मोजतात किरण किती अडले ते. सोनोग्राफी मोजते ध्वनी कुठून परतला ते. एमआरआय पाहतं हायड्रोजनची अणुकेंद्रं चुंबकीय क्षेत्रात कशी वागतात ते, आणि बोन स्कॅन पाहतो हाडाची बांधणी कुठे जोरात चालली आहे ते. आजार शरीरात जो बदल घडवतो तो यांपैकी कोणत्या गुणात उमटतो आणि किती दिवसांनी उमटतो, हे दोन प्रश्न सोडवल्याशिवाय यंत्रांची तुलना करण्यात अर्थ नाही. पाठ्यपुस्तकांतल्या तक्त्यांत पहिला प्रश्न असतो, दुसरा बहुधा सुटतो. माझ्या मते निम्मं प्रकरण त्या दुसऱ्या प्रश्नात आहे.

जुन्यापासून सुरुवात करू. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या व्युर्झबर्ग शहरात विल्हेल्म राँटगेन यांना हे किरण सापडले, आणि २२ डिसेंबरला त्यांनी पत्नी अ‍ॅना बेर्टा यांच्या हाताचं चित्र घेतलं. बोटांची हाडं ठळक, अंगठी त्याहून ठळक, मांस म्हणजे नुसती फिकट सावली. भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल १९०१ साली त्यांनाच मिळालं. या पद्धतीची ताकद आणि मर्यादा दोन्ही त्या पहिल्याच चित्रात आहेत. कॅल्शियमचा अणुक्रमांक २०. मांस, चरबी, पाणी यांत मुख्यतः हायड्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन, म्हणजे १, ६ आणि ८. निदानासाठी वापरतात त्या ऊर्जेच्या किरणांचं शोषण अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतं. म्हणून हाड पांढरंशुभ्र दिसतं. आणि म्हणूनच स्नायू, लिगामेंट, कूर्चा, गुडघ्यातली गादी, सांध्यात साचलेलं पाणी, रक्त ही सगळी एकाच राखाडी छटेत मिसळून जातात. एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही ते यंत्र स्वस्त आहे म्हणून नव्हे, त्यात कॅल्शियम नाही म्हणून.

तरी मुरलेला डोळा या फिल्ममधून न दिसणारं बरंच काही वाचतो. मूल हातावर पडलं, कोपर सुजलं, फोटोत हाड मात्र अखंड दिसतं. अशा वेळी कोपराचा बाजूने घेतलेला फोटो काळजीपूर्वक बघावा. दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाला मागच्या खोबणीत चरबीचा एक छोटा गोळा असतो. एरवी तो खोबणीत दडलेला असतो, फोटोत दिसत नाही. सांध्यात रक्त भरलं की तो मागे ढकलला जातो आणि हाडामागे एक काळसर पट्टी उमटते. मार लागलेल्या कोपरात ती दिसली की हाडाला कुठे तरी भेग आहे असं धरून चालायचं, मग ती भेग सापडो न सापडो. लहान मुलात ती बहुधा कोपराच्या वर, दंडाच्या हाडात असते. मोठ्या माणसात मनगटाकडून येणाऱ्या बाहेरच्या हाडाच्या डोक्यात.

गुडघ्याची गोष्ट याहून महत्त्वाची, कारण महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात गुडघे धरून उठणारं कुणी ना कुणी आहे. गुडघा किती झिजला हे एक्स-रेमध्ये दोन हाडांमधल्या फटीवरून ओळखतात. ती फट रिकामी नसते, तिथे कूर्चा आणि गादी असते. ती झिजली की फट अरुंद होते. पण पेशंटला टेबलावर आडवं करून फोटो काढला तर हाडांवर भार नसतो आणि झिजलेला गुडघाही बऱ्यापैकी दिसतो. उभं राहून, गुडघा किंचित वाकवून काढलेल्या फोटोत खरी स्थिती कळते. साठीच्या माणसाच्या गुडघ्यात झीज किती, पाय किती वाकला, शस्त्रक्रियेची वेळ आली का, या प्रश्नांना उभ्याने काढलेला साधा फोटो एमआरआयपेक्षा चांगलं उत्तर देतो. एमआरआय झोपवून होतं. तरी हजारो रुपयांची फिल्म पिशवीत घेऊन आलेल्या पेशंटकडे शे-दोनशेचा उभा फोटो नसतो, हे चित्र नेहमीचं आहे.

एक्स-रेची खरी उणीव वेगळीच आहे. हाडातला खनिजांचा ३० ते ५० टक्के भाग गेल्याशिवाय साध्या फोटोत पोकळी उमटत नाही. मणक्यात क्षय पोचला किंवा गाठ पसरली तरी कित्येक आठवडे फोटो निर्दोष येऊ शकतो. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ याचा अर्थ ‘हाड नॉर्मल आहे’ असा घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

सीटी म्हणजे तेच किरण, पण सर्व बाजूंनी फिरवून, गणिताने काप तयार केलेले. गॉडफ्री हाउन्सफील्ड हे ब्रिटिश अभियंते ईएमआय या कंपनीत होते, जिची ओळख जगाला ग्रामोफोनच्या तबकड्यांमुळे होती. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला. १९७९ चं नोबेल हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना विभागून मिळालं. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, स्नायू ४० ते ६०, घट्ट हाड १००० किंवा त्याहून वर, असे आकडे सीटी देतो. एकावर एक पडलेल्या सावल्या तो सोडवतो. म्हणून खुब्याच्या वाटीचं, टाचेचं किंवा गुडघ्याखालच्या हाडाच्या वरच्या पृष्ठभागाचं फ्रॅक्चर असेल, तुकडे किती आणि कुठे सरकले हे शस्त्रक्रियेआधी मोजायचं असेल, तर सीटीला पर्याय नाही. अपघातात मानेला मार बसला असेल तरीही तोच. दोन ऊर्जांचे किरण वापरणारा नवा सीटी तर गाऊटमधले यूरिक आम्लाचे खडे कॅल्शियमपासून वेगळे काढून दाखवतो.

किंमत मोजावी लागते ती किरणांची. हातापायाच्या एका फोटोचा डोस सुमारे ०.००१ मिलिसीव्हर्ट; कमरेच्या सीटीचा सुमारे ६. निसर्गातून जगभरच्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. म्हणजे मनगटाचा फोटो काढायला घाबरणाऱ्या आजीला निःशंक सांगावं की काही होत नाही, आणि विशीतल्या पोराच्या पाठदुखीसाठी ‘एक सीटी करून बघू’ म्हणणाऱ्याला थांबवावं.

एमआरआयकडे वळताना आधी एक उलटी गोष्ट सांगतो. हाडाचं कठीण कवच या चित्रात काळं दिसतं, रिकाम्या जागेसारखं. टेंडन आणि लिगामेंटही काळीच. कारण हे यंत्र हाड पाहतच नाही. ते मोकळं हलू शकणाऱ्या हायड्रोजनचा, म्हणजे मुख्यतः पाण्याचा आणि चरबीचा, संदेश ऐकतं. दीड टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण तीस हजार पट शक्तीचं असतं. त्यात हायड्रोजनची केंद्रकं सुमारे ६४ मेगाहर्ट्‌झच्या रेडिओ लहरींना प्रतिसाद देतात, आणि लहर थांबल्यावर पूर्ववत होताना प्रत्येक ऊतीतला हायड्रोजन वेगवेगळा वेळ घेतो. या वेळांच्या फरकातूनच चित्र उभं राहतं. ते कसं उभं करायचं हे दाखवल्याबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चं नोबेल मिळालं.

मग हाडांच्या आजारात एमआरआयचा एवढा दबदबा का? हाडाच्या आतल्या मज्जेमुळे. मोठ्या माणसाच्या मज्जेत भरपूर चरबी असते. तिथे मुका मार, सूज, जंतू, गाठ असं काहीही आलं की पाणी वाढतं. चरबीचा संदेश मुद्दाम दाबून घेतलेल्या चित्रात हे पाणी अंधाऱ्या पार्श्वभूमीवर पांढरं उजळतं. खनिजं अजून जागच्या जागी आहेत, एक्स-रे निर्दोष आहे, सीटीतही काही नाही, आणि मज्जा मात्र बोलू लागलेली असते. न्हाणीघरात घसरून पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचा खुबा दुखतोय, पाय टेकवत नाही, पण एक्स-रेत फ्रॅक्चर नाही. अशा वेळी एमआरआयचे मोजके काप निकाल लावतात. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो मरू लागतो, तेव्हाही गोळा खचण्याआधी एमआरआयमध्येच कळतं. कोविडच्या उपचारात स्टेरॉइड घेतलेल्या तरुणांच्या खुब्यांनी हा धडा आपल्याकडे बऱ्याच जणांना दिला. गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट, फाटलेली गादी, खांद्याच्या आतली ओठासारखी कूर्चेची कड, मज्जारज्जूवरचा दाब हे सगळं याच यंत्राचं क्षेत्र.

पण त्याचेही भ्रम आहेत. मुख्य चुंबकीय क्षेत्राशी साधारण ५५ अंशांचा कोन करून जाणारं निरोगी टेंडन काही चित्रांत उगीच उजळ दिसतं आणि ‘सूज आहे’ असा रिपोर्ट जाऊ शकतो. खांद्यात आणि घोट्यात टेंडन वळसा घेतं तिथे हे हमखास होतं. सांध्यात बसवलेल्या धातूजवळचं चित्र विस्कटतं. आणि चुंबक बंद खोलीत, मशीन चालू नसतानाही, सतत ओढतच असतं. मुंबईतल्या एका रुग्णालयात जानेवारी २०१८ मध्ये ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आत गेलेला रुग्णाचा नातेवाईक सिलिंडरसकट यंत्राकडे खेचला गेला आणि त्याचा जीव गेला. दारावरची धातूविषयीची पाटी नुसती शोभेची नाही.

सोनोग्राफीला हाडाच्या कामात आपल्याकडे अजून सावत्र वागणूक आहे. बहुतेकांना ती गर्भवतीची किंवा पोटाची तपासणी वाटते. हाडाच्या पृष्ठभागावरून ध्वनी जवळजवळ पूर्ण परततो, म्हणून हाडाच्या आत ती काही पाहू शकत नाही, हे खरंच. पण त्वचेखालच्या दोन-चार सेंटिमीटरमध्ये, १० ते १५ मेगाहर्ट्‌झच्या प्रोबने, टेंडनचा एकेक धागा वेगळा दिसतो. एवढं बारीक चित्र नेहमीच्या एमआरआयमध्येही मिळत नाही. शिवाय पेशंट बोलत असतो, ‘इथेच, बरोबर इथेच दुखतं’ म्हणून बोट ठेवतो आणि प्रोब तिथेच टेकतो. हात वर करायला सांगितला की टेंडन कुठे अडकतं ते दिसतं. कोपर वाकवलं की चेतातंतू हाडावरून टुणकन उडी मारताना दिसतो. स्थिर चित्रांत हे कधीच सापडणार नाही.

शेतकऱ्याच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला, वरून जखम भरली, आत मात्र महिनाभर ठणका. एक्स-रे काढला, काही नाही. असणारच नाही, काटा म्हणजे लाकूड, त्याची घनता मांसात मिसळून जाते. काच असती तर दिसली असती, खिळा तर नक्कीच. सोनोग्राफीत काटा चमकदार रेघेसारखा उठून दिसतो. रेघेखाली सावली पडते आणि भोवती सुजेचा काळसर वेढा असतो. खोली किती, टोक कुठल्या दिशेला, हे त्वचेवर पेनाने आखून दिलं की सर्जनला भूल देऊन पाय चाचपडत बसावं लागत नाही. मात्र प्रोब नीट धरता यायला हवा. टेंडनवर ध्वनी अगदी काटकोनात पडला तरच ते उजळ दिसतं. हात जरा कलला की तेच टेंडन काळं पडतं आणि फाटल्यासारखं भासतं. म्हणून जाणकार तपासनीस प्रोब एका जागी ठेवून किंचित डोलवत राहतो. डोलवल्यावर काळोखी गेली तर ती भ्रम, राहिली तर फाटलंय. या तपासणीचा दर्जा यंत्राइतकाच, किंबहुना जास्तच, माणसाच्या मनगटात असतो, आणि एका केंद्राचा रिपोर्ट दुसऱ्या केंद्रात जुळत नाही तो यामुळे.

नवजात बाळाचा खुबा निखळलेला आहे का हे पाहण्यासाठी तर सोनोग्राफीच हवी. खुब्याचा गोळा पहिले चार-सहा महिने कूर्चेचा असतो, एक्स-रेला दिसतच नाही. ऑस्ट्रियाच्या राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० मध्ये ध्वनीने तो मोजण्याची रीत दिली. भारतात या सगळ्याला एक वेगळी किनार आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. त्यामुळे खांदा बघायलाही सोनोग्राफीची खोली तीच, गर्भाचं लिंग सांगितलं जात नाही अशी पाटी असलेली, आणि यंत्राची नोंदणी जागेशी बांधलेली. परदेशात खेळाच्या मैदानावर हातातल्या यंत्राने पोटरी तपासतात, तसं आपल्याकडे सहज करता येत नाही. कायदा हवाच होता. त्याचा हा बोजा हाडांच्या डॉक्टरांनी निमूटपणे सोसला आहे.

बोन स्कॅनबद्दल थोडक्यात. टेक्नेशियम-९९एम हे सहा तासांच्या अर्धायुष्याचं किरणोत्सारी द्रव्य फॉस्फेटसदृश रेणूला जोडून शिरेत देतात आणि दोन ते चार तासांनी सगळ्या अंगाचं चित्र घेतात. हाड जिथे नव्याने बांधलं जातंय तिथे ते गोळा होतं. डोक्यापासून पायापर्यंत कर्करोग कुठे कुठे पसरलाय हे एका फेरीत दिसतं. मात्र ठिपका दिसला म्हणजे कर्करोगच असं नाही. जुनं फ्रॅक्चर, झीज, जंतू सगळ्यांचे ठिपके सारखेच. आणि मल्टिपल मायलोमा हा कर्करोग हाड नुसता खातो, भोवती बांधणी होऊ देत नाही, म्हणून तो या स्कॅनमधून सहज निसटतो. हाड पोखरलेलं आणि स्कॅन कोरा, असंही होतं.

आता दिवसाचा प्रश्न. मुलाच्या मांडीच्या हाडात जंतू शिरले, ताप आहे, पाय हलवू देत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एमआरआयमध्ये मज्जा उजळलेली असते. एक्स-रेमध्ये बदल यायला दहा ते चौदा दिवस लागतात. सोनोग्राफी त्याआधीही हाडाच्या आवरणाखाली साचलेला पू दाखवू शकते. म्हणजे आजार एक, पण चौथ्या दिवशीचा सर्वोत्तम फोटो आणि विसाव्या दिवशीचा सर्वोत्तम फोटो एक नाही. महिन्याभराने मेलेल्या हाडाचा तुकडा आत अडकलाय का हे पाहायचं असेल तर पुन्हा सीटी पुढे येतो. मनगटातल्या स्कॅफॉइड या छोट्या हाडाचंही तसंच. पडल्या दिवशी फोटो निर्दोष, अंगठ्याच्या मुळाशी दाबलं की कळ. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकातून येतं, त्यामुळे भेग दुर्लक्षली तर मनगटाकडचा तुकडा मरू शकतो. म्हणून प्लास्टर घालून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढायची जुनी रीत आहे. तोवर भेगेच्या कडा विरघळून ती रुंदावते. एमआरआय परवडत असेल तर त्याच आठवड्यात उत्तर मिळतं. दोन्ही मार्ग शास्त्रीय आहेत. पैसा आणि दोन आठवड्यांची रजा यांतलं काय जड जातं एवढाच फरक.

आणि दिसलं म्हणजे तेच दुखतंय असंही नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ माणसांच्या कमरेचं एमआरआय केलं गेलं. ५२ टक्क्यांच्या मणक्यांमधल्या निदान एका चकतीला फुगवटा होता, २७ टक्क्यांची चकती पुढे आलेली होती, आणि सगळ्या चकत्या धड असलेले ३६ टक्केच निघाले. दुखत नसताना. २००८ मध्ये फ्रेमिंगहॅममधल्या ५० ते ९० वर्षांच्या ९९१ लोकांचे गुडघे पाहिले, तेव्हा गादी फाटलेल्यांपैकी ६१ टक्क्यांना मागच्या महिन्यात काहीही त्रास नव्हता. आपल्याकडे रिपोर्टमध्ये चकतीचा फुगवटा आला की घरी ‘गादी सरकली’ म्हणून दहा नातेवाइकांना फोन जातात, वाकणं बंद, पट्टा सुरू. फोटो खरा असतो. दुखण्याशी त्याचा संबंध मात्र डॉक्टरच्या हाताने, पाय उचलून, बोट दाबून, ताकद तपासून जोडावा लागतो. कॅनडात १९९२ मध्ये घोट्यासाठी तयार झालेले ओटावा नियम याच तत्त्वावर चालतात: ठरावीक हाडांवर दाबून दुखत नसेल आणि माणूस चार पावलं टाकत असेल तर एक्स-रेसुद्धा नको.

या सगळ्या पद्धती एकत्र, आणि ठरावीक क्रमानेच, लागतात त्या हाडाच्या गाठीत. शाळकरी पोराच्या गुडघ्यावर सूज, रात्रीचा ठणका. गाठ कोणत्या जातीची हे ओळखायला आजही साधा एक्स-रेच सगळ्यात बोलका: कडा धारदार की विस्कळीत, आवरण उचललं जाऊन कोपऱ्यात त्रिकोण झालाय का, नवं हाड किरणांसारखं बाहेर फुटलंय का. एमआरआय पाहून जात ठरवायला गेलं की भोवतालच्या सुजेमुळे साधी गाठही भयंकर दिसते. पण मज्जेत ती वर किती चढली, रक्तवाहिनी आणि चेतातंतू तिच्यापासून किती दूर, हे एमआरआयच सांगतं, आणि पाय वाचेल की नाही ते यावर ठरतं. फुप्फुसांत काही गेलंय का यासाठी छातीचा सीटी, उरलेल्या हाडांसाठी बोन स्कॅन किंवा पेट स्कॅन. यात सगळ्यात जास्त चुकतो तो बायोप्सीचा क्रम. सुई आधी टोचली आणि एमआरआय नंतर केलं, तर सुईने झालेला रक्तस्राव आणि सूज गाठीत मिसळते आणि हद्द खोटी दिसते. म्हणून एमआरआय आधी. आणि सुई कुठून घालायची तेही पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेच ठरवायचं, कारण सुईची वाट पुढे गाठीबरोबर कापून काढावी लागते. ती भलत्या स्नायूतून गेली असेल तर वाचू शकणारा पाय जातो.